वॉरंटीतला टीव्ही, अठ्ठावन्न दिवस आणि एक जाडजूड फाईल

९ मे २०२५ ला संध्याकाळी आमच्या टीव्हीवर एक हिरवी उभी रेघ आली. उजव्या कडेपासून वीतभर आत, वरपासून खालपर्यंत, दोरी लावून मारल्यासारखी. हे म्हणाले, केबलवाल्याला फोन कर. मी म्हटलं थांबा, आणि रिमोटवरून टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडला. रेघ मेनूवरूनही आरपार गेलेली. केबलचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा दोष असता तर तो वाहिनीच्या चित्रात दिसला असता, मेनूवर नाही. म्हणजे दुखणं टीव्हीचंच. मेनू उघडा ठेवून, रेघ स्पष्ट येईल असा फोटो काढला. माझ्या फाईलमधला पहिला कागद तो.

टीव्ही आदल्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४ ला, सांगलीतल्या एका दुकानातून घेतलेला. ४३ इंची, बिल ३१,४९० रुपयांचं, वॉरंटी एक वर्षाची. पुढे पाच महिने हे प्रकरण चाललं आणि वॉरंटी संपायला दोन दिवस उरले असताना सगळे ३१,४९० रुपये खात्यात जमा झाले. दुकान आणि कंपनी कुठली ते सांगत नाही, सांगून कुणाचा फायदा नाही. पण गल्लीत कुणाचंही काही बिघडलं की लोक माझ्याकडे येतात आणि मी तेच तेच सांगत बसते, म्हणून आता लिहून ठेवते. मी मिरजेत पोस्टाच्या काउंटरवर चौतीस वर्षं काढली. ‘पाठवलं होतं हो’ आणि ‘मिळालंच नाही हो’ या दोन वाक्यांमधला फरक पावतीने मिटतो, एवढं त्या काउंटरने मला शिकवलं. टीव्हीचं प्रकरण मी त्याच सवयीने चालवलं.

टीव्ही चांगला चालू असतानाच करायची दोन कामं आधी सांगते. दुकानातली बरीचशी बिलं आता गुळगुळीत कागदावर येतात, वर्षभरात त्यांची शाई उडते आणि हातात कोरी पट्टी राहते. घरी आल्या आल्या झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या. दुसरं काम टीव्हीच्या पाठीमागचं. तिथल्या स्टिकरवर सिरीयल नंबर असतो. एकदा टीव्ही भिंतीवर चढला की तो वाचायला मान पाठीत घालावी लागते, म्हणून टांगायच्या आधीच त्याचा फोटो घ्या आणि बिलावरच्या नंबराशी एकेक आकडा लावून बघा. जुळत नसेल तर त्याच दिवशी दुकानातून बिल दुरुस्त करून आणा. बिघाड झाल्यावर हा फरक निघाला तर कंपनीला आयतं कोलीत मिळतं. बिल पक्कंच हवं. ‘बिल नको, हजार कमी करतो’ या बोलण्यात आपलं काय जातं ते बिघाडाच्या दिवशी कळतं. मागूनही बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी तर मिरजेत दर तिसऱ्या दुकानात दिसेल. सदोष मालाला ती पाटी लागू पडत नाही.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी खोका फोडण्यापासून टीव्ही पहिल्यांदा लावेपर्यंतचा सलग व्हिडिओ काढावा. परत करण्याची मुदत थोडक्या दिवसांची असते, तेवढ्यात टीव्ही लावून, तास-दोन तास चालवून बघावा. त्या कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची, असा २०२० चा नियम आहे.

आता बिघाडाकडे. दोन दिवसांत रेघेच्या उजवीकडचा सगळा भाग काळा पडला. १२ मेला कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली. दुकानदाराला कळवलं तर तो म्हणाला, “काकू, आम्ही फक्त विकतो, पुढचं कंपनी बघते.” हे सगळेच म्हणतात. कायद्याने विकणाराही जबाबदार धरता येतो, म्हणून त्यालाही लेखी कळवून ठेवायचं. व्हॉट्सअॅपवर चार ओळी आणि बिलाचा फोटो, बस.

तंत्रज्ञ १४ मेला आला. पंचविशीतला मुलगा, पाठीवर पिशवी, दिवसाला डोक्यावर आठ-दहा घरं. या मुलांवर ओरडून उपयोग नसतो, निर्णय त्यांच्या हातात नसतो. पाणी विचारावं, बसायला खुर्ची द्यावी आणि तो काय लिहितो तिकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं. त्याने ‘पॅनल गेलंय, पार्ट मागवतो’ असं सांगितलं आणि जाता जाता म्हणाला, “काकू, एक ओटीपी आला असेल, तो सांगा.”

इथेच बहुतेक लोक फसतात. ओटीपी कशाचा, हे आधी विचारायचं. काही ठिकाणी तो भेट नोंदवण्याचा असतो, काही ठिकाणी तक्रार बंद करण्याचा. मेसेज नीट वाचला की कळतं. बंद करण्याचा असेल आणि टीव्ही दुरुस्त झाला नसेल तर द्यायचा नाही. तुम्ही दिलात की त्यांच्या दफ्तरी तुमचा टीव्ही ठणठणीत झाला, आणि पुढच्या वेळी नवी तक्रार, नवा नंबर, जुनं सगळं पुसलं. त्या मुलाला मी म्हटलं, “बाळा, पार्ट बसला, चित्र दिसलं की लगेच देईन.” तो हसला. त्यालाही माहीत होतं.

२ जूनला नवं पॅनल बसलं. ८ जुलैला आवाज चालू आणि पडदा काळा. अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर अगदी जवळून बॅटरीचा उजेड तिरका मारून बघा. त्या उजेडात चित्र पुसट हलताना दिसलं तर पडद्यामागचे दिवे, ज्याला ते बॅकलाइट म्हणतात, पेटत नाहीयेत. मी बघितलं, दिसलं, आणि आमच्या नातवाकडून त्याचा व्हिडिओ काढून घेतला. १९ जुलैला दुरुस्ती झाली. २० ऑगस्टला पुन्हा अंधार, आठवड्यावर गणपती आलेले.

२३ ऑगस्टला तिसऱ्या खेपेला आलेला माणूस वेगळा होता. त्याने पाठीमागचं झाकण उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “आत पाणी गेलंय. हे वॉरंटीत बसत नाही.”

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हटलं, “कुठं गेलंय ते बोट ठेवून दाखव, मी फोटो काढते.” त्याने खालच्या पट्टीवरचा नखाएवढा हिरवट डाग दाखवला. फोटो घेतला. मग विचारलं, “हे झाकण आजपर्यंत कुणी कुणी उघडलं?” तो गप्प. जूनमध्ये त्यांच्याच माणसाने, जुलैमध्ये त्यांच्याच माणसाने, आणि आता यांनी. टीव्ही भिंतीवर साडेचार फुटांवर, वर छत कोरडं, खिडकी समोरच्या भिंतीला. या सगळ्याचे फोटो त्याच्यासमोरच काढले. त्याच्या जॉबशीटवर, म्हणजे भेटीत काय आढळलं ते लिहायच्या त्यांच्या कागदावर, सहीच्या जागी मी लिहिलं: ‘पाणी गेल्याचं मला मान्य नाही. याआधी झाकण दोनदा कंपनीच्याच माणसांनी उघडलं आहे. डाग केव्हाचा ते कंपनीने सांगावं.’ खाली सही, तारीख, वेळ. तो म्हणाला इथं फक्त सही करायची असते. मी म्हटलं, सही माझी, मजकूरही माझाच.

हल्ली अनेकांचं जॉबशीट मोबाइलवरच असतं, तिथे लिहायला जागा नसते. मग त्याच्या मोबाइलवरच्या पानाचा फोटो घ्यायचा आणि तोच मजकूर त्याच संध्याकाळी कंपनीला ई-मेलने पाठवायचा. पाणी, किडा, पाल, उंदीर, वीज वरखाली होणं, पडदा कशाला तरी आपटणं, ही कारणं ठरलेली आहेत. कधी खरीही असतात. पडदा आपटून फुटला असेल तर आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात, तिथे भांडू नका. पण कारण खोटं वाटत असेल तर ‘कुठला भाग जळला, कुठे डाग आहे, त्याचा फोटो द्या’ एवढं लेखी मागायचं. तोंडी ‘पाणी गेलंय’ म्हणणारे लेखी मागितलं की बरेचदा ‘तपासून सांगतो’ वर येतात.

फोनचंही तसंच. कंपनीच्या माणसाशी फोनवर जे बोलणं झालं ते झालंच नाही असं समजायचं, जोपर्यंत त्याचा कागद होत नाही. मी काय करायचे, फोन ठेवला की चार ओळींचा ई-मेल: ‘आज सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी तुमच्या प्रतिनिधींशी बोलणं झालं. त्यांनी पार्ट आठ दिवसांत येईल असं सांगितलं. माझा समज चुकीचा असेल तर कळवावं.’ ते कळवत नाहीत. न कळवणं पुढे आपल्या कामी येतं. असे माझे अकरा ई-मेल झाले, सगळ्यांच्या विषयाच्या ओळीत तोच तक्रार क्रमांक. ई-मेल येत नसेल तर घरातल्या पोरांना कामाला लावा.

वॉरंटीच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की दुरुस्ती करायची की बदलून द्यायचं हे कंपनी ठरवेल. आणि लोकांत एक समज पसरलेला आहे की तीनदा बिघडला की बदलून द्यावाच लागतो. असा आकडा कायद्यात मी तरी शोधून पाहिला, नाही. पण तेच ते दुखणं पुन्हा पुन्हा उठतं, महत्त्वाचे भाग बदलूनही उठतं, तेव्हा वस्तूच मुळात सदोष आहे असं म्हणायला तुमच्याकडे आधार तयार होतो. म्हणून दिवस मोजून ठेवा. माझे असे: ९ मे ते २ जून चोवीस, ८ ते १९ जुलै अकरा, २० ऑगस्टपासून नोटीस लिहीपर्यंत तेवीस. एकूण अठ्ठावन्न दिवस टीव्ही बंद किंवा सदोष. हा आकडा मी प्रत्येक पत्रात घातला. ‘फार मनस्ताप झाला’ हे वाक्य एकदाही लिहिलं नाही.

२ सप्टेंबरला १९१५ या नंबरवर फोन लावला. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं, त्यांच्या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. तक्रारीचा क्रमांक मिळतो तो जपा. एक मात्र लक्षात घ्या, हे न्यायालय नव्हे. ते तुमची तक्रार कंपनीकडे पोचवतात आणि उत्तर मागतात, आदेश देत नाहीत. तरी फायदा असा की तुमचं प्रकरण कॉल सेंटरच्या पोराकडून उचलून कंपनीतल्या जरा वरच्या टेबलावर जातं. मला आठ दिवसांत उत्तर आलं: बिघाड ग्राहकाच्या वापरामुळे, तरीही सदिच्छा म्हणून वापराचे पैसे कापून किमतीच्या साठ टक्के देऊ. वॉरंटी असलेल्या, पहिल्या सात महिन्यांत बिघडलेल्या टीव्हीचे साठ टक्के! सदिच्छा हा शब्द मला तरी फार महाग वाटला.

१२ सप्टेंबरला नोटीस पाठवली. नोटिशीला वकील लागतोच असं नाही. साधा कागद, मराठीत. कंपनीचं कार्यालय परराज्यात असेल तर सोबत इंग्रजी प्रत जोडावी, मी भाचीकडून करून घेतली. एक प्रत कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, जो वॉरंटीच्या पुस्तिकेत असतो, आणि एक दुकानदाराला. माझा मुख्य मजकूर असा होता:

‘मी दि. १२/१०/२०२४ रोजी सोबतच्या बिलाप्रमाणे ३१,४९० रुपये देऊन टीव्ही घेतला. वॉरंटीच्या काळात तो तीन वेळा बंद पडला, तारखा आणि तक्रार क्रमांक सोबतच्या तक्त्यात आहेत. दोनदा भाग बदलूनही दोष गेला नाही. टीव्ही एकूण ५८ दिवस सदोष किंवा बंद आहे. आत पाणी गेल्याचं आपलं म्हणणं मला मान्य नाही, कारणं दि. २३ ऑगस्टच्या ई-मेलमध्ये दिली आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण त्याच आकाराचा, त्याच दर्जाचा नवा टीव्ही द्यावा किंवा बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. तसं न झाल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, सांगली यांच्याकडे आपणा दोघांविरुद्ध तक्रार दाखल करीन आणि त्यात व्याज, नुकसानभरपाई व खर्चही मागेन.’

धमकी नाही, बदनामी नाही. मालकाच्या फोटोखाली चार शब्द लिहून सुनेने दोन दिवस आधी फेसबुकवर टाकायचं ठरवलं होतं, तिला मी थांबवलं.

पाठवायचं कसं, हा माझ्या घरचा विषय. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये सामील झालं. हातात आयुष्यभर धरलेली ती लांबट पट्टी अशी गेली याचं वाईट वाटलं, ते असो. तर स्पीड पोस्ट करा, पावती कागदावर चिकटवा, आणि ट्रॅकिंगवर ‘पोचलं’ दिसलं की ते पान त्याच दिवशी छापून ठेवा, कारण पुढे ते संकेतस्थळावरून निघून जातं. कुरिअर टाळा. पाकिटावर आत काय आहे ते एका ओळीत लिहा: ‘टीव्हीबाबत नोटीस, दि. १२/९/२५’. मग ‘पाकिटात दुसरंच काही होतं’ म्हणायला जागा कमी राहते.

२६ सप्टेंबरला कंपनीतून फोन. या वेळी आवाज गोड. पूर्ण रक्कम द्यायला तयार, म्हणाले, २९,०३० रुपये. मी बिल समोर घेतलं. मूळ किंमत २४,६०१ रुपये ५६ पैसे, त्यावर २८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबरपासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, आणि यांनी नव्या दराने हिशोब केला होता! म्हणाले, “मॅडम, आज हाच टीव्ही तेवढ्यालाच मिळतो.” मी म्हटलं, “मी आज घेतलेला नाही, मी गेल्या दसऱ्याला घेतलाय.” ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९ मध्ये ‘दिलेली किंमत’ परत करायची भाषा आहे, आजचा बाजारभाव नाही. फोन ठेवला आणि तेवढंच ई-मेलमध्ये लिहिलं, बिलावरच्या आकड्याला लाल पेनाने गोल करून. दोन हजार चारशे साठ रुपयांचा फरक, आणि गोड आवाजात तो सहज निसटून गेला असता.

पैशांऐवजी बदली टीव्ही घेत असाल तर मॉडेल नंबर आधी मागून घ्या आणि जुन्याशी एकेक गोष्ट ताडून बघा. तुमचं मॉडेल बंद झालं म्हणून त्याच आकाराचा हलका माल गळ्यात मारतात. नव्या टीव्हीची वॉरंटी नव्याने सुरू होणार की जुनीच उरलेली चालणार, हे लेखी घ्या. वाढीव वॉरंटीचे वेगळे पैसे भरले असतील तर तेही मागा. हप्त्यावर घेतला असेल तर भांडण चालू असताना हप्ता थांबवू नका, कर्ज देणारा वेगळा असतो आणि त्याचा फटका तुमच्या नावाला बसतो.

माझं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. पण गल्लीतल्या एका शेजाऱ्याचं वॉशिंग मशीनचं गेलं होतं, त्याच्याबरोबर मी सांगलीला दोन तारखांना गेले होते, त्यामुळे तिथलंही थोडं सांगते. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगात होते, आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायची. ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्याही करता येते, वकील सक्तीचा नाही. समोरच्याला उत्तराला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा, त्यापुढे नाही. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तू तपासायला पाठवावी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. कायदा म्हणतो, तारखा काय म्हणतात ते निराळं, मनाची तयारी वर्ष-दोन वर्षांची ठेवा.

शेजारी हरला. त्याने कंटाळून मशीन बाहेरच्या मेकॅनिककडून उघडून घेतलं, तेही जमलं नाही म्हणून भंगारात घातलं, आणि मग तक्रार केली. दोष होता हे दाखवायला वस्तूच उरली नव्हती. प्रकरण मिटेपर्यंत टीव्ही जागचा हलवू नका, बाहेरच्या माणसाला झाकण उघडू देऊ नका, विकू तर मुळीच नका. आमच्याकडे गौरी-गणपती काळ्या पडद्यासमोरच पार पडले.

९ ऑक्टोबरला दोन पोरं टीव्ही न्यायला आली. त्यांच्याकडे छापील कागद होता, ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असा, आणि पैसे ‘दोन-तीन दिवसांत’ येणार होते. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, पैसे आले की सही. त्यांनी वर फोन केला, वरच्याने आणखी वर केला. पाऊण तासाने माझ्या मोबाइलवर बँकेचा मेसेज वाजला, ३१,४९०. मग सही केली, खाली लिहिलं ‘रक्कम मिळाली’, टीव्ही, स्टँड आणि रिमोट दिल्याची पोच त्यांच्याकडून घेतली. खोकाही मागितला, तो माळ्यावर होता, दिला.

धाकटा म्हणाला, “काकू, ओटीपी.” या वेळी सांगितला. रिमोटमधले सेल मात्र काढून घेतले, ते मी जुलैमध्ये बदलले होते.